पहिल्या गोवरीचा मानकरी

परळ, मुंबई
ता. ११ जानेवारी १९४४

मित्रवर्य वाल्मिक यास,
परळच्या चाळीतून येसाजीचा रामराम.

तुझं पत्र पोचलं. यंदाही तंबू दहिवलीच्याच शेतात ठोकणार, हे वाचलं आणि मन तिकडं धावलं. इथं मोठमोठी थेटरं आहेत. खुर्च्यांना गाद्या आहेत, वर पंखे आहेत. पण भात झोडून मोकळ्या झालेल्या शेतात, बुडाला धसकटं टोचत असताना बघितलेल्या सिनेमाची सर कशाला नाही. इंजिनाची ती धडधड, बायकांच्या आणि आपल्या मध्ये टांगलेली गोणपाटाची कनात, आणि पैसे नसले की आपण ठाकूरवाडीच्या चांगोबरोबर पडद्याच्या मागं जाऊन बसायचो! मागून सगळं उलटं दिसायचं. नायक सगळे डावरे. मुंबईत येऊन पहिला बोलपट पुढून बघितला, तेव्हा मला वाटलं, याला उजव्या हातानं तलवार धरायला कुणी शिकवली?

आपला शिमग्याचा दरबार आठवतो का रे? आठवतो म्हणजे काय, तू तर अजून चालवतोसच. त्या साली तो घोड्याचा बोलपट आला होता, ज्यात घोडा सोडून बाकी सगळे वाईट होते. होळीपुढं पोपट टांगेवाल्यानं त्यातल्या नायकाच्या नावानं बोंब ठोकली आणि तू चोरून आणलेल्या ढिगातली एक गोवरी उचलून ओरडलास, "हा घ्या या सालचा मान!" अशी सुरुवात झाली. मग दर साली वाईट बोलपटाला एक गोवरी, वाईट नटाला एक, बेसूर गाण्याला एक. नाव पुकारायचं, गावानं बोंब मारायची आणि गोवरी होळीत. मी न्यायाधीश, तू दिवाण. इथं स्टुडिओत रोज कुणी ना कुणी कुणाला हार घालतो. सगळेच उत्तम. गोवरी देणारा माणूस मला मुंबईत अजून भेटला नाही.

गावाला सांगून निघालो होतो की नट होतो. हातात आला हातोडा. पुठ्ठ्याचे राजवाडे ठोकतो. बरं चाललंय. आई विमलच्या बाळंतपणाला खालापूरला गेलीय म्हणतोस, ती परत आली की तिला हे पत्र वाचून दाखव. निघताना तिनं विचारलं होतं, "पडद्यावर कवा दिसशील?" अजून तेच विचारत असेल.

एक काम आहे. आमच्या कंपनीचा 'पाताळगडची राजकन्या' या खेपेला तुमच्या तंबूत येईल. तो चुकवू नको. बघून जे वाटेल ते सगळं लिही. दिवाणानं लिहावं तसं लिही, मित्रानं लिहावं तसं नको.

तुझा
येसाजी

*

दहिवली
फाल्गुन वद्य पंचमी, सन १९४४

न्यायाधीश महाराज येसाजीराव यांच्या चरणी,
गादी रिकामी ठेवून मुंबईला पळाल्याबद्दल दरबाराचा निषेध.

तुझा 'पाताळगड' बघितला. तू दिवाणासारखं लिही म्हणालास म्हणून लिहितो. पुढं रडायचं नाही.

भरवशाच्या म्हशीला टोणगा! मी गावभर सांगून ठेवलं होतं की येश्याच्या कंपनीचा आहे, सगळ्यांनी या. नेरळहूनसुद्धा माणसं आली. राजकन्या दर संकटात गाते. वाघ समोर आला तरी गाते, आणि तो वाघही बिचारा गाणं संपेपर्यंत थांबतो. बोलपटाची गोवरी आम्ही डोळे झाकून तुमच्या कंपनीला दिली. पण पहिली गोवरी, नटाची, यंदा अशी रंगली की आजवर कधी रंगली नव्हती. तो लांब दाढीचा वजीर! नाव काय त्याचं देव जाणे. नावांची पट्टी तंबूवाला कापूनच टाकतो, तेवढंच रॉकेल वाचतं. आणि भोंगा फुटलेला, त्यामुळं सगळेच मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखे. तरी वजीर तो वजीरच.

राजकन्या त्याला कट्यार मारते. बरं. कुणीही भला माणूस पडला असता. हा आधी कट्यारीकडं बघतो. मग राजकन्येकडं बघतो. मग पागोट्याला हात लावतो, जणू पाहुण्यांकडं निघालाय. सिंहासनापर्यंत चालत जातो, बसतो, पुन्हा उठतो. बापाला हाक मारतो, मुलाला हाक मारतो. आडवा झाला तेव्हा आम्ही म्हटलं सुटला. तर एक डोळा किलकिला करून बघतो आणि पुन्हा उठतो! तेव्हा पोपट उभा राहिला आणि ओरडला, "आरं मर की रं एकदाचा, माजी गाडीची येळ झाली! ठेसनावर पाशिंजर खोळंबत्याल!" सगळा तंबू फुटला. तेवढ्यात पडद्याच्या मागून चांगोचा आवाज, "हिकडून बी मरत नाय ह्यो!" बायकांच्या बाजूला गोदूबाई हसता हसता कनातीसकट खाली आली.

होळीला मी पुकारा केला, "पाताळगडचा लांब दाढीचा वजीर!" आणि येश्या, अशी बोंब झाली की नदीच्या पलीकडच्या तीरावर कुत्री भुंकायला लागली.

एक मात्र खरं. किल्ला फार सुंदर होता. मी सगळ्यांना सांगितलं, हा आपल्या येश्यानं ठोकलाय. बुरुज बघून लोकांनी माना डोलावल्या. त्यामुळं गावात तुझी इज्जत राहिली.

सोनाकाकी अजून खालापूरलाच आहेत, तुझ्या आईचा यंदाचा तंबू चुकला. विमलला मुलगा झाला. मामा झालास.

दरबाराचा सेवक
वाल्मिक दिवाण

*

परळ
ता. २ जुलै १९४४

प्रिय वाल्मिक,

उत्तराला उशीर झाला. कामं होती.

पत्र वाचलं. तुझा हात चांगला आहे. पहिल्या पानावर मी मोठ्यानं हसलो. खोलीतले दोघं उठून बघायला लागले.

किल्ला मी केला नव्हता. तो दुसऱ्या एका सुताराचा आहे. गावात उगाच माझं नाव झालं, ते खोडून टाक.

दरबाराचा निकाल योग्य आहे, त्यावर अपील नाही. तो वजीर झालेला माणूस मला ठाऊक आहे. त्यानं नटाचं काम सोडलं. आता तो पुन्हा पडद्यावर दिसणार नाही. तेव्हा गोवरी वाया गेली नाही म्हणायची.

विमलच्या मुलाला कडदोरा पाठवतो. आईला सांग, मी बरा आहे. बाकी विशेष नाही.

येसाजी

*

दहिवली
फाल्गुन वद्य तृतीया, सन १९४५

मुंबईकर येसाजीरावांस,
ज्यांचं पत्र म्हणजे कपिलाषष्ठीचा योग, त्यांस दहिवलीचा रामराम.

किल्ल्यावरून एवढं रुसायचं? दुसऱ्याचा किल्ला तुझ्या नावावर घातला म्हणून सात-आठ महिने तोंड फिरवलंस? बरं, चुकलो. गावाला सांगितलं की किल्ला येश्याचा नाही. पोपट म्हणाला, "मंग येश्याचं काय व्हतं त्यात?" मी म्हटलं, असेल एखादा खिळा.

आणि वजिरानं काम सोडलं म्हणतोस! वा! दरबाराची एवढी लांबवर धास्ती असेल असं वाटलं नव्हतं. पडद्यावरची एक पीडा गेली.

पण गंमत ऐक. यंदा फिल्मचा म्हणे तुटवडा, तंबूत सगळे जुनेच खेळ आले. वाईटही नाहीत आणि चांगलेही नाहीत, नुसते पातळ. होळीपुढं गोवरी हातात घेऊन मी उभा, आणि मानकरीच नाही. गाव ओरडायला लागलं, "वजीर! वजीर!" मग काय करणार? काथ्याची दाढी बांधली, पोपटाचा पटका डोक्याला गुंडाळला आणि होळीपुढं वजीर होऊन मेलो. पागोट्याला हात, बापाला हाक, किलकिला डोळा, काही सोडलं नाही. पोरं लोळली. चांगोनं डोक्यावरचा लाकडाचा भारा फेकून दिला आणि तोच माझ्या शेजारी मरायला लागला.

तुझी आई पुढंच बसली होती. ती हसली नाही आधी. टक लावून बघत होती. मग अशी हसली की पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "पुन्यांदा मर रं वाल्मिक." मी पुन्हा मेलो. घरी जाताना तिनं मला हाताला धरून सांगितलं, "लई झाक केलंस." तिनं माझं कधी कौतुक केलेलं आठवत नाही. लहानपणी आपण आंबे पाडले तेव्हा आधी मलाच फोकलायची.

तू का येत नाहीस रे? एवढी कसली कामं? शिमग्याला तरी यावं माणसानं. तुझ्यावाचून दरबार भरतो, पण निकाल द्यायला मजा येत नाही. तू मान तिरकी करून "गुन्हा शाबीत" म्हणायचास, ते अजून मी कुणाला जमवू दिलेलं नाही.

तुझा
वाल्मिक

*

दहिवली
मार्गशीर्ष शुद्ध एकादशी, सन १९४६

येसाजी,

आज थट्टा नाही.

तुझं गेल्या सालच्या दिवाळीचं दोन ओळींचं पत्र आणि त्यानंतर काहीच नाही. शिमग्याच्या आधी मुंबईत नाविकांच्या बंडाची गडबड होती, गोळीबार झाला, तेव्हा आम्ही इथं जीव मुठीत धरून बसलो होतो. तुझ्या खोलीतल्या माणसाकडून कळलं की सुखरूप आहेस. त्याला कळवावंसं वाटलं, तुला नाही. मी काय वाईट केलंय तुझं? केलं असेल तर तोंडावर सांग. शिव्या दे. दहिवलीचाच आहेस, शिव्या विसरला नसशील.

मी आज लिहितोय ते सोनाकाकींसाठी. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. उजव्या डोळ्यानं जवळपास काहीच नाही, डाव्यानं धुरकट दिसतं. परवा काकी पत्र आलंय का विचारायला आल्या. मी 'नाही' म्हणालो, तर ओटीवर बसल्या आणि म्हणाल्या, "वाल्मिक, येसूला लिव. म्हणावं, डोळे हायेत तवर एकदा पडद्यावर दिस. राजा नगं, परधान नगं. गर्दीत भाला घेऊन हुबा ऱ्हायला तरी मी वळखंन."

येश्या, तुझ्या कंपनीत एवढे बोलपट झाले. कधीतरी गर्दीत उभा राहिला असशील, पालखी उचलली असशील, मशाल धरली असशील. कोणत्या बोलपटात ते फक्त सांग. तंबूवाला माझ्या ओळखीचा आहे. हातापाया पडून तो खेळ आणायला लावतो, काकींना पार पडद्याच्या नाकासमोर बसवतो आणि तू आलास की मी शेजारून सांगतो, तो बघा.

गेल्या शिमग्यालाही त्यांनी मला वजीर करायला लावला. गणपतीत आरती झाल्यावर म्हणाल्या, "ते मरण्याचं कर." आता तर त्यांना नीट दिसत नाही, तरी मी मरतो आणि त्या हसतात. मला ते बघवत नाही. आई पोराला बघायचं म्हणते आणि मी तिला काथ्याची दाढी दाखवतो.

उत्तर दे.

वाल्मिक

*

परळ
ता. ९ जानेवारी १९४७

वाल्मिक,

हे पत्र आईला वाचून दाखवू नको. एकटा असशील तेव्हा वाच.

तो वजीर मी होतो.

आता थोडा वेळ पत्र बाजूला ठेव, पाणी पी आणि मग पुढचं वाच.

खरा नट ऐन वेळी तापानं पडला. सगळे खोळंबले होते. दिग्दर्शकानं इकडं तिकडं बघितलं आणि उंचीला बरा म्हणून मला हातोडा ठेवायला लावला. पोटापर्यंत दाढी चिकटवली, डोळ्यांत काजळ घातलं. आरशात बघितलं तर मलाच मी सापडेना. तो म्हणाला, "फिल्म मोजकी आहे. एकदाच मरायचं. चुकलं तर दुसऱ्यांदा नाही." वाल्मिक, मी मनात म्हटलं, आयुष्यात पुन्हा मरायला मिळेल न मिळेल. मग जेवढं मरण मला ठाऊक होतं तेवढं सगळं मी एकदाच मरून घेतलं. थांब म्हणायला कुणी तोंड उघडलं नाही, मला वाटलं सगळे भारावले. नंतर कळलं की दिग्दर्शक कपाळाला हात लावून बसला होता.

मला तुम्हाला चकित करायचं होतं. वाटलं होतं, तू पत्रात लिहिशील, अरे तो वजीर काय मेला रे, तंबूत कुणाचा डोळा कोरडा राहिला नाही. मग मी लिहीन, मीच तो. तुझं पत्र आलं तेव्हा मी गॅलरीत उभा होतो. पोपटाची गाडी आणि चांगोचं 'हिकडून बी मरत नाय', इथपर्यंत मी खरंच हसलो. मग पुढं वाचता येईना. किल्ल्याची तारीफ वाचली तेव्हा तुझ्यावर जेवढा चिडलो, तेवढा आयुष्यात कुणावर चिडलो नाही. माझ्या दहिवलीनं सुताराला ओळखलं आणि नटाला गोवरी दिली.

त्यानंतर दोनदा कंपनीनं छोटं काम देऊ केलं. मी नाही म्हणालो. तोंडाला रंग लावला की कानांत बोंब ऐकू यायची. तुझा दोष नाही. दिवाणासारखं लिही, असं मीच सांगितलं होतं. पण गावाला यायचं म्हटलं की पाय निघेना. तू होळीपुढं वजीर करतोस आणि आई हसते, हे तू लिहिलंस. मी तिथं कुठं बसणार होतो? तिच्या शेजारी?

आता आईचं. मी दुसऱ्या कुठल्याच बोलपटात नाही, गर्दीतसुद्धा. आणि हाही आता नाही. कंपनी गेल्या साली बुडाली. जुनी रिळं भंगारात गेली. ती धुऊन त्यातली चांदी काढतात आणि उरलेल्या पट्ट्यांच्या बांगड्या करतात. मी गोदामातून गाडी भरून जाताना बघितली. 'पाताळगड'ची एकही प्रत उरली नाही, मी सगळीकडं विचारून आलो. मी वाईट मेलो असेन, पण तेवढं एकच मरण होतं आईला दाखवायला. आता ते कुठल्यातरी बायकांच्या हातात वाजत असेल.

तिला काय सांगशील ते सांग. मला सुचत नाही.

येसाजी

*

दहिवली
माघ शुद्ध पंचमी, सन १९४७

येश्या,

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या! दाढी लावून लपलास तू, तीन वर्षं तोंड लपवलंस तू, आणि गुन्हेगार झालो मी! पत्र वाचलं आणि नदीवर जाऊन बसलो. बायको शोधत आली, तिला वाटलं कुणी गेलं. मी म्हटलं, तीन वर्षांपूर्वीच गेला, मला आज कळलं.

मला ओळखू आला नाहीस. हे मला सारखं टोचतंय. एका ताटात जेवलो आपण. एका खरजेला एकच मलम लावून घेतलं. आणि मी तुला समोर बघून गोवरी दिली. त्या रात्रीचा फुटका भोंगा, पोटापर्यंत दाढी, सगळं खरं, पण मी ओळखायला हवं होतं.

तरी एक सांगतो. निकाल मी मागं घेणार नाही. वाईटच मेलास. आता मित्र म्हणून चांगलं होतं म्हणालो तर तू माझ्या तोंडावर थुंकशील, आणि थुंकायलाच हवं. पण इतकी वर्षं दरबार चालवून मी एवढ्या गोवऱ्या वाटल्या, त्यातल्या एकाचंही नाव आज कुणाला आठवत नाही. राखेबरोबर गेले सगळे. एक वजीर तेवढा राहिला. लग्नात, गणपतीत, खळ्यावर, कुणी उशीर लावला की दहिवलीत म्हणतात, "वजीर झालास का रं?" तुमच्या कंपनीनं तुला भंगारात घातला असेल, आम्ही घातला नाही.

काकींना मी काही वाचून दाखवलं नाही. नुसतं सांगितलं की येसू शिमग्याला येतोय. हे मी विचारून सांगितलेलं नाही, तेव्हा आता तुला यावंच लागेल. रीळ नाही तर नाही, तू आहेस ना? काथ्याची दाढी माझ्याकडं आहे. होळीपुढं तूच मर. मी पुढं होऊन पुकारा करीन की हा खराखुरा, पाताळगडचा. काकींना होळीच्या अगदी जवळ बसवू, उजेड पुष्कळ असतो, डाव्या डोळ्याला तेवढं दिसेल. त्यांना पोरगा बघायचाय. पडदा असला काय, नसला काय.

लोक हसतील. हसू दे. रडतील असं वचन देत नाही.

ठेसनावर पोपट टांगा घेऊन उभा असेल. तुझ्यासाठी गाडी कितीही उशिरा आली तरी तो थांबणार आहे, त्यानं तसं कबूल केलंय.

वाल्मिक

*

परळ
ता. १४ मार्च १९४७

प्रिय वाल्मिक,

मुंबईला पोचलो. ठेसनावर तू मला विचारलंस, "काकी काय म्हणाल्या?" आणि मी गाडीचं निमित्त करून उत्तर टाळलं. तिथं सांगितलं असतं तर पोपटाच्या टांग्यात बसून रडलो असतो, आणि त्याची गोवरी मला पुढच्या साली मिळाली असती.

होळीपुढं जे झालं ते तू बघितलंसच. तू पुकारा केलास, "हा खराखुरा!" आणि सगळं गाव माझ्याकडं वळलं. मला वाटलं, आता दाढीत पाय अडकून पडणार. मग चांगो ओरडला, "मर रं निवांत, आमाला कुठं जायाचंय!" आणि भीती गेली. मी मेलो. त्या साली मेलो तसाच. गाव हसलं, पोरांनी बोंब मारली, पोपटानं पटका काढून मला घातला. आईसुद्धा हसली. मला वाटलं होतं मला ते सहन होणार नाही. झालं. इतकं बरं वाटलं की तुला सांगता येत नाही. ज्या आवाजाला मी तीन वर्षं भीत होतो, तो जवळून ऐकला तेव्हा कळलं की तो सगळा ओळखीच्या गळ्यांतला होता.

तुला ठाऊक नाही ते दुसऱ्या दिवशीचं. तू रानात गेला होतास. आई अंगणात वाल सोलत बसली होती, डोळ्यांनी नाही, बोटांनी. मी शेजारी बसून सोलायला लागलो. ती मान वर न करता म्हणाली, "बरं झालं बाबा, एकदाचं सोताच दावलंस."

मी विचारलं, "म्हणजे? तुला माहीत होतं? वाल्यानं सांगितलं?"

"त्याला काय ठावं? त्यो मेला तवा मला कळलं. पयल्याच शिमग्याला." मग तिनं हातातली टोपली खाली ठेवली. "पागोट्याला हात लावतोय, मंग पडतोय, मंग डोळा किलकिला करून बघतोय, कोन बघतंय का. शाळा चुकवायची आसली का तू असाच मरायचास चुलीम्होरं. बापाला हाक मारून. मी वळखणार नाय? वाल्मिकच्या आंगावर दाढी व्हती, पन मरत तू व्हतास."

तुझा वजीर तिनं आधी टक लावून बघितला, हसली नाही, असं तू लिहिलं होतंस. मी ते वाचून पुढं गेलो होतो.

"मग बोलली का नाहीस आई? मला लिहायला का नाही सांगितलंस?"

"तू लपवलंस ना? मंग मी कशाला बोलू? म्हटलं, सांगंल त्येच्या मनानं. लई दीस झाले तवा वाल्मिकला म्हटलं, लिव, एकदा दिस म्हनावं." आणि मग हळूच म्हणाली, "तू येत नव्हतास. मंग वाल्मिकला म्हणायची, पुन्यांदा मर. तेवडंच तुला बघायची."

वाल्या, मी त्या वालाच्या टोपलीत तोंड घातलं आणि लहान पोरासारखा रडलो. तू तिला काथ्याची दाढी दाखवत नव्हतास रे. तू तिला मला दाखवत होतास, दर शिमग्याला, दर गणपतीला, ती म्हणेल तेवढ्यांदा. आणि मी इथं परळला तुझ्यावर रुसून बसलो होतो.

तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं आता कालच्या माझ्या कामाबद्दल चार गोड शब्द बोलेल. आईच ती. ती म्हणाली, "येसू, खरं सांगू का? रागवू नगं."

"सांग."

"वाल्मिक तुज्यापरीस बरा मरतोय."

तेव्हा पुढल्या शिमग्याला तू मर. मी तिच्या शेजारी बसून बघेन.

तुझा
येसाजी